मला शेगडी पेटवता येत नाही

मी नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. समास विचारा, अलंकार विचारा, सांगतो. कोळशावर सीक कबाब कसे भाजायचे, हे मात्र मला विचारू नका. आणि लोक नेमकं तेच विचारतात.

याला कारण माझे अब्बा. त्यांनी उभी हयात चौकात सीक कबाबचा गाडा चालवला. निम्म्या गावाने त्यांच्या हातचं खाल्लंय, म्हणजे ती कला माझ्या रक्तात असणारच, असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. खरं तर अब्बांनी मला त्या गाड्याजवळ कधी फिरकूच दिलं नाही. कोळशाला वारा घालायच्या पंख्याला मी नुसता हात लावला तरी खेकसायचे, "हात काले नक्को कर. जा, किताब ले के बैठ." मी गेलो, बसलो, शिकलो. कोळशाचं शिक्षण राहिलं ते राहिलंच.

भूगोलाच्या सरांनी ऑनलाइन एक घडीची शेगडी मागवली आणि माझे हाल सुरू झाले. मिटली की ब्रीफकेस, उघडली की चार काडीसारखे पाय आणि वर जाळी. तिला शेगडी म्हणायचं नाही, बार्बेक्यू म्हणायचं. पहिल्याच रविवारी त्यांच्या गच्चीवर बोलावणं आलं. मी हौसेने इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. जिना चढून वर येतोय न येतोय, तोच त्यांनी माझ्या हातात वारा घालायला पुठ्ठा दिला.

"सर, तुम्ही हाय म्हणून तर आणली ही. लई हातखंडा असंल न तुमचा!"

"मला येत नाही हो," मी म्हणालो. अगदी स्वच्छ मराठीत म्हणालो.

सगळे हसले. "बघा, माणूस किती साधा हाय!"

कपाळ माझं! कोळसा काही पेटेना. पुठ्ठा हलवून हलवून मी घामाघूम झालो. धूर सगळा शेजारच्या बाईंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर, आणि त्या तिकडून ओरडतायत. शेवटी सरांनी देवघरातला कापूर आणून शेगडीत टाकला, तेव्हा कुठे ती पेटली. जाळीवरच्या पनीरला आरतीच्या तबकाचा वास येत होता. तरी मंडळी बोटं चाटत म्हणाली, "शेवटी हात तो हातच!" माझं डोकं फिरलं.

मग पुढच्या वेळी ठणकावून 'नाही' का म्हटलं नाही? सांगतो, लाज वाटली तरी सांगतो. या मंडळींबरोबर मी दहा वर्षं एका टेबलावर डबा खातोय, पण ही शेगडी येण्याआधी रविवारी मला कुणी घरी बोलावलं नव्हतं. आता बोलावणी यायला लागली होती. शेगडी सोडली तर बोलावणंही बंद होईल, अशी मला भीती वाटायची.

म्हणून मीही तसलीच एक शेगडी आणली आणि आमच्या गच्चीवर सराव सुरू केला. एका संध्याकाळी अब्बा काठी टेकत वर आले. मी म्हटलं, बरे आलात, जरा शिकवा. त्यांनी धुमसणाऱ्या कोळशाकडे पाहिलं, माझ्या काळ्या बोटांकडे पाहिलं आणि तसेच खाली निघून गेले. मला संताप आला. जन्मभर दुनियेला खाऊ घातलं, मग पोराला दोन गोष्टी सांगायला यांचं काय जात होतं?

दिवाळीच्या सुट्टीत कॅम्पिंग ठरलं. हिमायतनगरकडे एका सरांच्या शेतात तंबू ठोकून मुक्काम. तंबूला चार जण, गाणी लावायला दोघं, आणि शेगडीला मी एकटा. शेतातला वारा कधी इकडून, कधी तिकडून, आणि राख माझ्याच डोळ्यांत. आधी शाकाहारी मंडळींचं भाजायचं, मग चिकन. "सर, इकडं दोन प्लेट!" "सर, ह्ये आतून कच्चं हाय बघा!" वीस पावलांवर खुर्च्यांचा गोल होता. तिथे कुणीतरी किस्से सांगत होतं. मला फक्त हसणं ऐकू यायचं, मग मीही हसायचो, कशाला ते न कळता. प्लेट घेऊन मी तिकडे गेलो तेव्हा तीन करपलेले तुकडे उरले होते आणि गोल मोडून सगळे तंबूंकडे निघाले होते. "मस्त झालं सर, पुढच्या महिन्यात परत!" भूगोलवाले जाता जाता म्हणाले. मी हो म्हणालो. हो म्हणालो, याचा मला त्या तुकड्यांपेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचलो. अब्बा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी शेजारून जाताना त्यांनी माझी बाही धरली, नाकाशी नेली.

"कितने लोगां थे?"

"दस-बारा."

"तू कब खाया?"

"सब के बाद."

त्यांनी बाही सोडली नाही. हाताने तिच्यावरची राख झाडत राहिले.

"मैं बी सब के बाद खाता था," ते म्हणाले. "पर वो गिऱ्हाईक थे रे. ये तो तेरे दोस्त हैं ना?"