नाव न विचारणारा फोन

विमलकाकू गेल्याची बातमी मला मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कळली. वर कुणीतरी पाठवलेलं सुप्रभातचं फूल, खाली पाण्याच्या टाक्या साफ करून देणाऱ्याची जाहिरात, आणि मधे एक ओळ : कुंभवलीच्या विमलकाकू आज पहाटे पालघरला हॉस्पिटलात गेल्या. पाच मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली. मला संताप आला. तो ग्रुप मी काढलेला होता आणि काकू त्यात कधीच आल्या नव्हत्या. मी चारदा विचारलं, चारदा त्या नको म्हणाल्या. का, ते मला फार उशिरा कळलं... आणि ज्या रीतीने कळलं, त्याची लाज अजून गेलेली नाही. म्हणून महिनाभराने हे लिहायला बसले आहे.

काकूंचं घर औद्योगिक वसाहतीच्या भिंतीजवळ. नवरा तिथल्याच एका कारखान्यात होता. त्याला ड्युटीवर कधीही बोलवायचे म्हणून त्याने लँडलाइन घेतली. तो गेला, फोन राहिला. खिडकीजवळच्या स्टुलावर पिवळट पडलेला, बटणांचा डबा. फोन कुठून आला ते दाखवणारी पट्टीसुद्धा त्याला नव्हती. वर क्रोशाचा रुमाल, शेजारी एक लांबडी वही आणि तिला दोरीने बांधलेलं पेन. वसाहतीतून वास सुटला की आसपासच्या खोल्यांतल्या बाया काकूंना फोन करायच्या. ‘काकू, वास येतोय.’ काकूंचे तीन प्रश्न ठरलेले. वारा कुठनं हाय? नुसता वास, का डोळे पन झोंबतात? पोरं खोकतात का? उत्तरं वेळेसकट वहीत उतरायची. मग काकू प्रदूषण मंडळाच्या साहेबांच्या ऑफिसला फोन लावून सगळं एका सुरात वाचून दाखवायच्या, आणि ‘लिवून घेतलं का?’ असं विचारल्याशिवाय ठेवायच्या नाहीत. कधी तपासायला गाडी यायची, बऱ्याचदा यायची नाही. काकू पान उलटायच्या.

मी बोईसरची. बारावीपासून संघटनेची पत्रकं लिहिते, वाटते, भिंतींना चिकटवते. आमच्या घरची लँडलाइन मी शाळेत असतानाच बंद झाली आणि तिच्या जागी झेंडूच्या माळेसकट देवीचा फोटो बसला. कुणालाही चुकल्यासारखं वाटलं नाही. त्यामुळे काकूंचा डबा पाहून मला हसू आलं. मी त्यांना म्हटलं, एका बाईने एका फोनवर बसून काय होणार? सगळ्यांनी ग्रुपमध्ये यायचं, वास आला की तिथेच टाकायचं, साहेबांनाही त्यात घ्यायचं. मी छापून आणलेलं पत्रक त्यांना वाचून दाखवलं. त्यातली एक ओळ माझी फार आवडती होती : ‘नाव लपवून लढाई जिंकता येत नाही.’

काकू जवळा निवडत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, ‘त्याच्यात नंबर दिसतो ना गं सगल्यांना?’

दिसतो तर, मी म्हटलं, तोच तर फायदा आहे. काकूंनी मला तांदळाची भाकरी आणि त्याच जवळ्याचं कालवण वाढलं, आणि मी समजले की बाईला पटलं.

ग्रुप भरला. पहिले चार दिवस वासाचं आलं, मग वाढदिवस, मग देवदर्शनाचे फोटो. वासाचा फोटो निघत नाही. तरी एकीने एका सकाळी लिहिलं की रात्रीपासून वास आहे, मुलीला दोन उलट्या झाल्या. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. तेवढं आता शिकले आहे. ती नवऱ्याबरोबर परभणीकडून आलेली, नवरा त्याच भिंतीपलीकडे ठेकेदाराकडे कामाला. तिच्या मेसेजचा फोटो दुपारपर्यंत ठेकेदाराच्या मोबाइलवर होता. संध्याकाळी नवऱ्याला सांगण्यात आलं, ‘कल से मत आना.’ आठवड्याने खोली रिकामी झाली.

मी तडक काकूंकडे गेले. ठेकेदाराला काय काय म्हणायचं ते सगळं म्हटलं. नव्या पत्रकाचा मथळासुद्धा तयार होता. काकूंनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, ‘ठेकेदार वाईट हायच. त्याचं मला नवं नाय. पन त्याला तिचा नंबर कोनी दिला?’

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते.

तेव्हा मला त्या डब्याचा अर्थ लागला. त्या बाया काकूंना मोबाइलवरूनच फोन करायच्या, पण फोनला त्या कोण ते दिसत नव्हतं, आणि काकू विचारत नव्हत्या. आवाज ओळखायच्या, नक्कीच ओळखायच्या. वहीत मात्र कुठेही एक नाव नाही. वेळ, वारा, डोळे, पोरं. बस. ज्यांच्या घरातली चूल त्याच कारखान्यावर पेटते, त्यांना तक्रार करायची तर अशीच करता येते, हे मला कुठल्याच शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं. ती आवडती ओळ मी नंतर कधी छापली नाही.

पंधरा दिवस मी तोंड दाखवलं नाही. गेले तेव्हा काकू म्हणाल्या, ‘आलीस? बस. मी पानी भरून येते, वाजला तर उचल. नाव इचारू नको.’ तेवढंच माफ करणं होतं त्यांचं. वाजला नाही. पण मी तास-दीड तास एका जागी बसले, जे मला जमत नाही.

हॉस्पिटलात शेवटचं भेटले तेव्हा नाकात नळी होती. मला पाहून त्यांनी विचारलं, ‘फोन कोन उचलतंय?’ मी म्हटलं, मी उचलते. खोटं होतं. घराला कुलूप होतं, किल्ली मुलाकडे. शेजारणीने नंतर सांगितलं, दोन दिवस आतून वाजत होता... मधेच थांबायचा, परत वाजायचा. हे मला स्वस्थ बसू देत नाही. कोण होत्या त्या? पोरं खोकत होती का?

काकूंचा मुलगा नीलेश पुण्याला असतो, सरळ माणूस आहे. तेराव्यानंतर म्हणाला, लाइन सरेंडर करतोय, आजकाल घरात कोण ठेवतं हा फोन? मी पत्रकासारखी बोलायला लागले, हक्क, आरोग्य, सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ताई, उचलणार कोण? तुमी? रोज?’

बहुतेक घरांना लँडलाइन नको, हे मलाही मान्य आहे. माझ्या घरात मी उद्याही घेणार नाही. पण या घरातली कापू नका, एवढं मागायचं तर तिथे बसावं लागणार होतं, आणि आम्ही मागण्या करणारी माणसं बसण्यात कच्ची. मी हो म्हटलं. त्याने किल्ली दिली, घर भाड्याने जाईपर्यंत.

सकाळी दोन तास, दुपारी दोन. जमेल ते. खिडकीतून भिंत दिसते. पाय हलत राहतात, मोबाइल सारखा हातात घ्यावासा वाटतो. वहीत काकूंच्या शेवटच्या नोंदीखाली मी काही लिहिलं नव्हतं, कारण फोन आला की माझा ‘हॅलो’ ऐकून पलीकडची ठेवून द्यायची. तीनदा असं झालं. परक्या आवाजाचा धसका त्यांना मीच दिलेला.

परवा दुपारी वाजला. मी हॅलो म्हटलं नाही. पलीकडे श्वास, मागे लहान मूल कुरकुरत होतं.

‘काकू?’

‘काकू नाहीत,’ मी म्हटलं. माझं नाव जिभेवर आलं होतं, ते गिळलं. ‘वारा कुठनं हाय?’

मी रुमालाची कड धरून बसले. ठेवेल, आता ठेवेल...

‘नाल्याकडनं,’ ती म्हणाली. ‘डोळे पन झोंबतायत.’

दोरी ताणून मी पेन ओढलं.