थोरल्यानं धाडलेलं कोलोन

माझा थोरला भाऊ सुधाकर पुण्याला राहतो, आणि आमच्या नागपूरच्या घरात त्याच्याशिवाय दुसरं कोणी राहत नाही. निदान बाबांचं बोलणं ऐकणाऱ्याची तशी समजूत होते. प्रत्यक्षात त्या घरात मी आणि माझी बायको शोभा राहतो. बाबांच्या गोळ्या मी आणतो, त्यांची नखं मी कापतो आणि उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणीही मीच भरतो. सुधाकर दिवाळीला येतो, पेढे आणतो आणि बाबांचे पाय दाबतो. (पाच मिनिटं. पण ती पाच मिनिटं बाबा वर्षभर पुरवतात.)

तर या सुधाकरने मे महिन्यात बाबांना कुरिअरने एक बाटली पाठवली. वाळ्याचं कोलोन, खास पुरुषांसाठी, जुन्या पद्धतीचं. म्हणजे फवारा वगैरे नाही. बूच काढायचं, तळहातावर घ्यायचं आणि मानेला चोळायचं. बाटली गडद हिरव्या काचेची. हे सगळं मला नंतर कळलं, कारण कुरिअर आलं तेव्हा मी हिंगण्याला कंपनीत पहिल्या पाळीत होतो. बाबांनी खोकं फोडलं, वास घेतला, बाटली कूलरशेजारच्या खिडकीत ठेवली आणि समाधानाने झोपून गेले.

मी कंपनीच्या बसमधून उतरलो तेव्हा माझं भरीत झालं होतं. घरी आल्या आल्या कूलरच्या टाकीत पाईप सोडला, तर खिडकीत ही बाटली. बूच काढून हुंगलं. खस, म्हणजे आपला वाळाच! आता आमच्या नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की खसचा वास येणारी बाटली दोनच प्रकारची असते. एक सरबताची, दुसरी कूलरच्या पाण्यात टाकायची. मी बोट बुडवून जिभेला लावलं. जीभ भाजली. म्हणजे सरबत नव्हतं. 'शोभाने न सांगता कूलरचं सेंट आणून ठेवलं, किती काळजी माझी,' असं म्हणत मी बाटली टाकीत उपडी केली. कूलरच्या गवताच्या ताट्या जुन्या झाल्या होत्या, म्हणून हातही आखडता घेतला नाही.

कूलर सुरू केला आणि घरभर असा काही घमघमाट सुटला की आतल्या खोलीत बाबा जागे झाले.

"दिवाकर, वास येऊन राहिला का तुले?"

"येऊन राहिला ना बाबा. मस्त."

"थोरल्यानं धाडलं. अंगाले लावाचं आहे ते. मी बाटली नुसती उघडून पाहिली, तं घरभर वास. याले म्हणतात माल!"

माझ्या हातात बाटली होती. तिच्यातून शेवटचा थेंब टाकीत पडत होता. स्वयंपाकघराच्या दारातून शोभाने माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण बाबा खूश होते. शिवाय भीती त्यांच्या रागाची नव्हतीच. 'थोरल्यानं धाडलं आणि धाकट्यानं सांडलं' हे वाक्य मला पुढे जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी तसाच गाडीला किक मारून इतवारीत गेलो, कूलरचं खस सेंट आणलं आणि पाण्यात मिसळून त्या बाटलीत भरलं. सेंटचा रंग पोपटी होता. पण बाटलीच हिरवी, आतलं दिसतं कोणाला!

बाबांनी ते लगेच लावलं नाही. "माह्या पंच्याहत्तरीले लावीन. थोरला येणार आहे," असं जाहीर झालं. तोवर रोज संध्याकाळी बूच काढून शेजारच्या वानखडेकाकांच्या नाकाशी धरण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

"कूलरसारखा वास येते बा," काका प्रामाणिकपणे म्हणाले.

"तुमच्या कूलरले असा वास असता, तं तुम्ही रोज माह्या घरी काहून बसाले आले असते?"

काकांनी मान डोलावली. मी कूलरमध्ये पाणी भरायला उठलो.

पंच्याहत्तरी जूनमध्ये आली. पाऊस नाही, नुसता दमट उकाडा. घरात पाहुणे, बाबांच्या अंगात नवा पांढरा सदरा. सुधाकर सकाळीच उतरला होता, तोही पांढऱ्या शर्टात. ओवाळण्याआधी बाबांनी सगळ्यांदेखत बाटली काढली, तळहात भरून घेतला, मानेला लावला, छातीला लावला. मग सुधाकरला जवळ ओढून त्याच्याही मानेला चोळला. मीही मान पुढे केली.

"थांब गा," बाबा म्हणाले, "थोडंच आहे."

मी मान मागे घेतली. शोभा तबक घेऊन पुढे आली आणि तिथेच थबकली. घाम फुटला होता आणि बाबांच्या मानेवरून पोपटी ओघळ सदऱ्यावर उतरत होते. सुधाकरची कॉलर तर पार कोथिंबिरीची जुडी झाली होती.

"अवं माय," आत्या म्हणाली, "हे दोघं हिरवे काहून होऊन राहिले?"

सुधाकरने कॉलर हुंगली. "बाबा, हे काय लावलंत? कूलरसारखा वास येतोय."

"अबे, तूच तं धाडलं."

"मी?" सुधाकर क्षणभर कोरा झाला. मग म्हणाला, "हां, ते. हो हो." आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "काय रे, मी काय पाठवलं होतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या बाटलीपायी माझा जीव महिनाभर टांगणीला लागला होता, ती पाठवणाऱ्याच्या लक्षातही नव्हती. कोणीतरी त्याला भेट दिली असणार, त्याने तिच्यावर आमचा पत्ता टाकला असणार. ठरवलं, आता सांगतोच. झालं तेवढं पुरे.

"बाबा, ते खरं म्हणजे..."

"तू मधात बोलू नको," बाबा म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले. "उंची मालाचा रंग उतरतेच. याले काय समजते? यानं कधी आणलं का मले असं काही?"

पाहुणे हसले. मीही हसलो. खूप लागलं मला. गेल्या हिवाळ्यात ते आजारी असताना रजा टाकून त्यांना अंघोळ घालत होतो, ते त्यांना आठवेल असं का कोण जाणे वाटलं होतं. मग फोटो झाला. बाबा आणि सुधाकर, गळ्यात गळा, दोघेही हिरवेगार. मी त्यात नाही, कारण काढणारा मी.

सुधाकर गेला. पण बाबांना आता ते कोलोन रोज हवं. ते बिनरंगाचं असावं म्हणून मी महाल भागातल्या अत्तरवाल्याकडून वाळ्याचं खरं अत्तर आणलं. ते पातळ करायचं आणि बाबा फिरायला गेले की बाटलीत भरून ठेवायचं, असा माझा नेम सुरू झाला. बाबा बाटली उजेडात धरून पाहायचे.

"पाय वं शोभा, संपतच नाही. थोरल्याच्या हाताले बरकत आहे."

शोभा माझ्याकडे बघायची आणि पोळी लाटायची.

मागच्या आठवड्यात माझी पाळी बदलली आणि भरायचं राहिलं. बाटलीतली पातळी खाली गेली. रविवारी घाईघाईने अत्तर पातळ केलं, पण बाटलीत ओतायच्या आधीच बाबा हजर. मी चहा देताना त्यांनी माझा हात धरला आणि हुंगला.

"मागाचं होतं ना गा," ते म्हणाले. "मी नाही म्हटलं असतं का? एखादा थेंब दिला असता. चोरून काहून लावतो?"

आता बाटली कपाटात कुलपात असते आणि चावी बाबांच्या बंडीच्या खिशात. तिच्यात तळाशी बोटभर उरलंय. बरकत टिकवायची तर चावी चोरल्याशिवाय गत्यंतर नाही. शोभा म्हणते, पकडले गेलात तर काय सांगाल? मी काय सांगणार! चोरायला नाही, भरायला आलो होतो, असं म्हणणारा चोर माझ्या तरी पाहण्यात नाही.