क्षेत्रसंन्यास आणि बाली

बालीच्या रात्रींविषयी आमच्या समोरच्या काकांइतकं जाणणारा माणूस उभ्या काशीत नाही, आणि हे काका स्वतः रात्री साडेआठला झोपतात. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत त्यांनी जन्म काढला, शाळेत भूगोल शिकवला, आणि मुलगी बालीच्या एका हॉटेलात नोकरीला लागल्यापासून सगळा भूगोल त्या एका बेटावर आणून ठेवला. पहाटे पंचगंगा घाटावर स्नान करून ओल्या पंच्यातच ते नावाड्यांना सांगत, कुठल्या किनाऱ्यावर नाच किती वाजता रंगतो, कुठे गाणारे बरे, कुठे नुसता गोंगाट. तिथून फिरून आलेल्या एका गोऱ्या जोडप्याला त्यांनी "आप लोग गलत किनारे ठहरे" असं सुनावलं होतं. नावाडी म्हणाला, "मास्टर साहब, एक बार घूम काहे नहीं आते?" काका म्हणाले, "बीच में बाबतपुर पड़ता है न!"

बाबतपूरला विमानतळ आहे, आणि तो काशीच्या हद्दीबाहेर. काकूंना आजारपणात क्षेत्रसंन्यास घ्यायचा होता, म्हणजे मरेपर्यंत काशीची वेस न ओलांडण्याचा संकल्प. "तू एकटी कशाला," म्हणून काकांनीही घेतला. काकू आठ महिन्यांत गेल्या. काका राहिले.

आमचं दोघांचं जमायचं ते इतिहासावर. डचांच्या बंदुकांसमोर बालीचा राजा शुभ्र वस्त्रं नेसून कुटुंबासह मरायला चालत गेला, हे सांगताना त्यांचा आवाज चिरकायचा. "आणि आता त्याच बेटावर गोऱ्यांना गार टॉवेल द्यायला रांगा लागतात!" मी पेटायचो. "त्या रांगेत आमची कन्या आहे हो," काका शांतपणे म्हणायचे.

यंदा त्या कन्येचं लग्न ठरलं, तिथेच, समुद्रकाठी. फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही आलात तर कन्यादान कोण करणार?" काकांनी फोन माझ्या हातात दिला. मी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर वाढलेला. संकल्प-प्रायश्चित्तांविरुद्ध स्वतःच चार पत्रकं काढलेली. तरी लाज गिळून, काकांना संकल्प सांगणाऱ्या दुर्गाघाटावरच्या गुरुजींचा जिना चढलो. मला भांडण हवं होतं. गुरुजी सुपारी कातरत म्हणाले, "जाऊ दे की त्यांना. आल्यावर प्रायश्चित्त करू. लेकीचं लग्न आहे."

धावत येऊन काकांना सांगितलं. "अरे, गुरुजी सोडतील, ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण संकल्प दोघांचा होता. तिने पाळला."

"काकू आता नाहीत, काका!" मी ओरडलो.

"म्हणून तर. असती तर तिनेच मला हाकलून लग्नाला पाठवलं असतं."

कन्यादान मुलीच्या मामांनी केलं. काका इथे सोवळं नेसून, व्हिडिओ कॉल लावून फोनसमोर बसले होते. तिकडच्या समुद्रवाऱ्यामुळे मंत्र ऐकू येत नव्हते. मुलीने मध्येच बाबांसाठी हात हलवला, पण तिकडे मांडवात फोन कुणी धरलाय ते तिला दिसलं नसावं. हलवला तो भलतीकडेच. रागावण्याची मला सवय आहे. त्या दिवशी रागवायला कुणीच सापडलं नाही.

हल्ली काका घाटावर बालीचं नावही काढत नाहीत. परवा राहवेना, मीच विचारलं, "काका, तिकडे आता मोसम सुरू झाला असेल ना?"

ते पायरीवर चपला शोधत होते. "मला काय ठाऊक रे," म्हणाले, "मी कुठे गेलोय तिथे?"