फ्रीजरमधलं बेअरिंग

माझी ताई गेली तेव्हा तिची गाडी तीन चाकांवर उभी होती.

आज वर्ष झालं.

चौथं चाक तिच्या अमरावतीच्या घरी, पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवलेलं. गाडीखाली लाकडी ठोकळे. जुनं बेअरिंग तिनं स्वतः ठोकून काढलेलं.

आणि नवं बेअरिंग फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी.

ज्यांना हे विचित्र वाटेल त्यांच्यासाठी सांगतो. चाकाचं बेअरिंग आपल्या खोबणीत फार घट्ट बसतं. घरी बसवायचं तर ते गार करायचं, म्हणजे किंचित आकसतं. खोबणी तापवायची, म्हणजे किंचित फाकते. मग ठोकलं की आत सरकतं.

ताई शाळेत विज्ञान शिकवायची. गॅरेजमध्ये कुणीतरी तिला "मॅडम, साहेबांना पाठवा ना" म्हणालं, त्या दिवसापासून तिनं गॅरेज सोडलं आणि पाना हातात घेतला.

मला गाडी येत नाही. माझ्या अंधश्रद्धाविरोधी सभांना तीच न्यायची. अकोला, मूर्तिजापूर, पार धारणीपर्यंत. मेळघाटातल्या रस्त्यांनीच ते बेअरिंग खाल्लं.

वेग घेतला की पुढून घूंऽऽ असा आवाज यायचा. मी शेजारी बसून भाषणाची तयारी करायचो. मोठ्यानं.

"बाल्या, गप बस जरा. चाक ऐकू दे मले."

"ताई, मुद्दा महत्त्वाचा आहे."

"तुया मुद्द्यानं गाडी अकोल्याले पोचत नाही. जग हलवाले निंगाला, अन् जॅक हलवता येत नाही याले!"

त्या रविवारी सकाळी तिनं बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलं. भाऊजींना म्हणाली, "हे थंड होऊ द्या. मी जराशी पडते."

उठलीच नाही.

झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

भाऊजी अबोल माणूस. संसारभर तिला पाने देत आले. त्यांनी सगळं रीतसर केलं, पण तिच्या फोटोला हार घालू दिला नाही. गाडीला हात लावू दिला नाही.

"तिनं कधी काम अर्धं सोडलं काय?" एवढंच म्हणायचे.

काम अर्धं राहिलं की जीव घराभोवती घुटमळतो, असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात. असल्या बोलण्यावर मी आयुष्यभर तुटून पडलोय. मांत्रिकांना भर बाजारात आव्हान दिलंय. मेलेल्याच्या नावानं जिवंत माणसाला भीती विकणं हा गुन्हा आहे, हे मी आजही तितक्याच जोरात सांगेन.

पण भाऊजींना कुणी काही विकलं नव्हतं.

ते नुसते थांबले होते.

उन्हाळ्यात लाईन गेली की फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसायचे. "उघडू नका बावा. तिचं थंड होऊन राहिलं."



आणि माझं तरी काय वेगळं होतं? अकोल्याच्या सभेत मागचा स्पीकर घूंऽऽ करू लागला आणि मी वाक्याच्या मध्येच थांबलो. कुणीतरी आता गप बस म्हणेल, म्हणून. लोकांना वाटलं, पाणी हवंय. एकानं आणूनही दिलं.

आज सकाळी मी ताईच्या घरी गेलो, तर भाऊजी बेअरिंग हातात घेऊन उभे.

"साळेबुवा, चाला. बसवून टाकू."

"जमेल आपल्याला?"

"मी त रोज बसवून राहिलो मनात."

खोबणीवर गंज चढला होता. मी पॉलिश पेपरनं घासला. भाऊजींनी गॅसच्या बर्नरनं ती तापवली. मी बेअरिंग धरलं, बोटं बधिर झाली. वर जुन्या बेअरिंगची रिंग ठेवून ते हलके ठोकू लागले.

"सरळ धरा. तिरपं गेलं त संपलं."

ठोक्यांचा आवाज एकाएकी भरीव झाला. बसलं.

बाकीचं सगळं जागच्या जागी लावून, चाक चढवून भाऊजींनी हातानं फिरवलं. मुकं.

"आता चालवून पाहू. आवाज गेला असंल, त घालतो मी हार," ते म्हणाले.

शेजारच्यांच्या बॅटरीवरून गाडी सुरू केली आणि अकोला रोडला लागलो. बडनेरा मागे पडलं. भाऊजींनी वेग घेतला.

घूंऽऽ.

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?

भाऊजींचा चेहरा मात्र उजळला. वर्षभरात मी तो तसा पाहिला नव्हता.

"ऐकलं काय? आहे ते! गेली नाही!"

मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा चाक ऐकलं.

"भाऊजी, रस्ता मोकळा आहे. जरा डावीकडे घ्या."

आवाज वाढला.

"आता उजवीकडे."

कमी झाला.

ताई असंच करायची. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, आणि ज्या चाकावर भार आल्यावर आवाज वाढतो, ते खराब. आम्ही डावं बसवलं होतं. तिनं उघडून ठेवलेलं.

"गाडी बाजूला घ्या, भाऊजी."

त्यांनी घेतली.

"खराब उजवं आहे. ताईनं चुकीची बाजू खोलली."

"ते चुकत नव्हती."

"चुकली. माणूस होती, भाऊजी. चुकली."

त्यांनी हँडब्रेक ओढला. ट्रक गेला की गाडी हलायची.

"मंग हा आवाज निस्ता लोखंडाचा?"

"हो."

"अन् ते? तुमची ताई?"

हजारोंसमोर गर्जून सांगितलेलं वाक्य. ते इतक्या हळू मी कधीच बोललो नव्हतो.

"नाही आता, भाऊजी. कुठंच नाही."

स्टिअरिंगवर डोकं ठेवून ते रडले. जाळतानाही रडले नव्हते.

परत येताना आवाज होताच. आम्ही दोघांनी तो ऐकला. घरी येऊन खुर्चीवर चढून त्यांनी तिच्या फोटोला हार घातला. माझा हारांवर विश्वास नाही. मी खुर्ची धरून उभा राहिलो.

ताई, उजवी बाजू आम्ही रविवारी खोलणार.

तुझ्यासाठी न थांबता.

भरल्या मनानं निरोप.