पंपघरामागचं काटेरी झाड

बागेत सगळे तिला अक्का म्हणत. बावीस वर्षं त्या सार्वजनिक बागेची माळीण. कुठल्या वाफ्यात काय आहे, हे ती डोळे मिटून सांगे. म्हणून पंपघरामागे ते झाड दिसलं तेव्हा तिचं डोकंच फिरलं. हातभर ताठ पानं, कडेला मांजराच्या नखांसारखे काटे, मधल्या पेल्यात साचलेलं पाणी. तिने काही ते लावलं नव्हतं.

"घायपात असेल, उपटून टाक," मुकादम म्हणाला.

तो इतक्या सहज म्हणाला, की अक्काच्या मनात पाल चुकचुकली. घायपाताची पानं गरदार असतात, ही तर चामड्यासारखी. बाग ठेकेदाराला देण्याची कुजबुज होतीच. नसतं झाड दाखवून, हिचं बागेकडे लक्ष नाही म्हणत आपल्याला घरी बसवायचा डाव तर नाही? पुरावा म्हणून तिने ते तसंच ठेवलं आणि पाळत सुरू केली. तिथे बुटाची नाडी बांधायला थांबणारा माणूसही तिच्या नजरेतून सुटला नाही.

पाचव्या दिवशी एक चष्मेवाल्या बाई झाडावर वाकून पेल्यातलं पाणी काढताना दिसल्या.

"सापडलात!" अक्का कडाडली. "काय चाललंय?"

बाई दचकल्या. "डास होऊ नयेत म्हणून पाणी बदलतेय हो. आमच्या ह्यांचं झाड. ते गेले, मी लेकीकडे चाललेय. तिथे गॅलरी नाही."

"विचारायचं नाही का?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालेच असते. पण हे आहे काय?"

"ब्रोमेलियाड. अननसाच्या भावकीतलं."

अक्काचा विश्वास बसेना. तिने एक पान कापून रोपवाटिकेतल्या भावाला दाखवलं. नाव खरं निघालं. "पण ताई, हे एकदाच फुलतं आणि मरतं," तो म्हणाला. "बुडाशी पिल्लं तेवढी सोडतं."

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना झाडापाशी गाठलं. "मरणारं झाड माझ्या गळ्यात मारलंत ना?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "ते माझ्याच्याने बघवलं नसतं," एवढंच म्हणाल्या.

अक्काने झाडाच्या बुडाशी वाकून पाहिलं. मग म्हणाली, "जा तुम्ही. बघते मी."

दोन महिन्यांनी गुलाबी तुरा आला, सुकला, झाड करपत गेलं. अक्काने बुडाची तीन पिल्लं काढून आंब्याच्या सावलीत लावली. मुकादमाने विचारलं तेव्हा नाव सांगितलं, पण कुणी आणलं ते मात्र नाही. त्याच्यावर तिचा अजूनही भरवसा नव्हता.