काऊन म्हणणाऱ्या पोरीची शाळा

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला पोरीला तालुक्याच्या गावी घालायचं ठरलं, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं की शाळा मीच निवडणार. मला माणसं दोन मिनिटांत कळतात, शाळा काय चीज आहे! नवरा म्हणाला, "हाव, तूच पाय." त्याला वाद घालायची हौस नाही.

पोरीचं दिवसभर 'काऊन' चालू असतं. हे काऊन असं, ते काऊन तसं. नव्या शाळेत तिचं तोंड बंद होऊ नये, एवढंच मला हवं होतं. माझं झालं होतं ना! कॉलेजसाठी पुण्याला गेले आणि पहिल्याच दिवशी "मले समजलं नाही" म्हणाले, तर अख्खा वर्ग फिस्सकन हसला. पुढे तीन वर्षं काही समजलं नाही तरी मी हात वर केला नाही.

निकाल लागल्यावर आम्ही दोघी जीपनं गेलो. पहिली शाळा बसस्टँडजवळची, जुनी, दाटीवाटीची. विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगशाळा दाखवली. एका बरणीत साप ठेवलेला. पोरीनं काचेला नाकच लावलं.

"बाई, हा सडत काऊन नाही?"

"'काऊन' नाही, 'का' म्हणायचं," बाई म्हणाल्या.

झालं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई पुढे बरंच काही बोलल्या, पण ऐकतंय कोण? तोंडदेखलं "येतो" म्हटलं, पोरीचा हात धरला आणि तडक बाहेर पडले.

दुसरी शाळा गावाबाहेर, मोठ्या पटांगणाची. मुख्याध्यापक सर स्वतः उठून म्हणाले, "या ताई, बसा. कोण्या गावचे तुम्ही?" मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

पोरीनं विचारलं, "सर, प्रयोगशाळा पाहू काय?"

"पाहू ना बेटा! आज चाबीवाला सुटीवर हाय."

"मंग बरणीतला साप सडत काऊन नाही?"

"मोठी हुशार हाय पोरगी! समजीन हळूहळू."

मी तर फुशारून गेले. लगेच प्रवेशाचा फॉर्म मागून घेतला, बाहेर ओट्यावर बसून तिच्या हातात पेन दिला. ती पेनाचं टोपण काढत, लावत बसली.

"भर ना वं."

"आई, मले त्या बाईच्या शाळेत जायचं हाय."

"तिनं तुले टोकलं ना!"

"टोकलं. पण सांगतलं बी. बरणीत औषधाचं पाणी असते, त्यानं जंतू मरतात, म्हणून सडत नाही. तू हात ओढत होती तरी त्या दारापर्यंत सांगत आल्या. या सरनं काय सांगतलं?"

मला राग आला. "चारचौघांत अपमान केला तिनं!"

पोरीनं माझ्याकडे नीट पाहिलं. "कोणाचा? मले तर काहीच वाटलं नाही. रडू तं तुले आलं होतं."

खरंच सांगते, स्वतःच्या पोरीपुढे एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

कोरा फॉर्म परत द्यायला आत गेले. सर गडबडले. "काय झालं ताई? आमचं काही चुकलं काय?"

"नाही सर," मी म्हटलं, "माझंच चुकत होतं."