आगीतलं पाणी

इकबालभाईंचा गेटपास देसाईसाहेबांनी टेबलाच्या खणात टाकला आणि किल्ली फिरवली. देसाईसाहेब आमच्या रत्नागिरीच्या गॅस टर्बाइन प्लांटचे हेड. इकबालभाई जयगडचे फिटर, अर्धी नोकरी आखातात करून आलेले. आरोप असा, की टाईल बसेना म्हणून त्यांनी ती ग्राइंडरने घासून खड्डा पाडला. खड्डा नखाएवढा, साहेबांचं ऐकलं तर त्यात गलबत नांगरून ठेवता आलं असतं.

टाईल म्हणजे फरशी नव्हे. टर्बाइनच्या फिरत्या पात्यांभोवती कडं असतं, त्याचा तुकडा. सिरॅमिकच्या धाग्यांचं कापड विणायचं, त्यात सिरॅमिकच भरायचं. हा सीएमसी. कपासारखा फुटत नाही. धातू हात टेकतो त्या उष्णतेत हा जांभया देत बसतो.

"हाच माल भट्टीत महिनाभर तापवला. ओरखडा नाही," साहेब म्हणाले. "मग खड्डा काय भुताने पाडला?"

"पाण्याने," मी म्हणालो. प्लांटमध्ये माल तपासायचं काम माझं.

"आगीत पाणी?"

त्यांना कँटीनमध्ये नेलं. स्टीलचा गार पेला पुसून गॅसवर उपडा धरला. आत दव धरलं. गॅस जळला की वाफ होतेच. साहेबांची चाचणीची भट्टी विजेची, तिच्यात ती नसते. तापलेल्या सीएमसीवर काचेचा पातळ थर येतो, तोच त्याला राखतो. वाफ ती काच वायू करून उडवते. नवी येते, तीही जाते. टाईल झिजत राहते. म्हणून वर कोटिंग असतं. त्याचा टवका उडाला, की वाफेला दार उघडं.

साहेब म्हणाले, इथल्या दमट हवेत डब्यातल्या पापडालाही पाणी सुटतं, हा काय पुरावा?

मुद्दा बरोबर होता. मी टाईल भिंगाखाली धरली. खड्ड्याच्या काठावर कोटिंगची कड छज्ज्यासारखी पुढे आलेली, खाली टाईल पोखरलेली. माझी मिशी तेव्हा दोन ग्रामपंचायतींत पसरलेली होती. तिच्यातला एक केस उपटून छज्ज्याखाली सरकवला. अर्धा आत गेला.

"साहेब, आता ग्राइंडर इथे घालून दाखवा. वरची कड न मोडता."

साहेबांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

मागे उभे असलेले इकबालभाई हळूच म्हणाले, "आणखी केस लागला तर माझ्याकडे बघू नका हां. डोक्यावर उरलेत किती?"

बाकीच्या टाईल उघडल्या. जिथे कोटिंग उडालेलं, तिथे तसाच खड्डा. त्यातल्या काही तर इकबालभाई आखातात असताना बसवलेल्या. कोटिंग बदललं, गेटपास मिळाला. माफी मागायच्या ऐवजी साहेबांनी चहा मागवला.

कोरड्या भट्टीत पास झालेला माल कोरड्या भट्टीपुरताच पास असतो.